तिसऱ्या वाटीचं तेल

हिंदुराव कोकरेंच्या कंबरेत उसण भरली ती नेमकी सहाव्या माळेला, आणि आठव्या माळेला तर त्यांना पळसदेवच्या पंपहाउसवर ब्रेकर तपासायला जायचं होतं. कन्हेरीच्या घरात ते जमिनीवर घोंगडी टाकून उताणे पडले होते. अंगात दोनच गोष्टी हलत होत्या, एक मान आणि एक तोंड.

“केबलींचे नट दोनदा आवळायचे. एकदा आवळायचे, मशीन जरा तापू द्यायचं, मग परत आवळायचे.”

“म्हाईत हाय,” सारजा म्हणाली. ती लोखंडी पेटीत नट आवळायचे पाने मोजून भरत होती.

“डिमर झटक्यात न्हाय फिरवायचा. गाईच्या सडावर हात ठेवल्यागत फिरवायचा.”

“तेबी म्हाईत हाय. गाईची धार तुमी काढता का मी?”

दारात टेम्पोवाला मानसिंग उभा होता, तो तोंडावर हात ठेवून हसला. हिंदुरावांनी मान वळवून त्याच्याकडं रागानं बघितलं. एवढंच त्यांच्या हातात होतं.

“आन् बुटं घाल,” ते म्हणाले.

सारजानं आपल्या अनवाणी पायांकडं बघितलं. नवरात्राचे नऊ दिवस ती अनवाणी असायची. लग्नाच्या आधीपासून, सांगवीला बापाच्या मेंढरांमागं हिंडायची तेव्हापासून हा नेम होता. काट्यांत मोडला नव्हता, उन्हात मोडला नव्हता. आणि आज नवरा म्हणत होता, रबरी बूट घाल.

“सारजा, देवी समजून घेईल. करंट घेणार न्हाय.”

तिनं बूट पेटीत टाकले. देव्हाऱ्यापुढं उभी राहून तिनं देवीला आणि बिरोबाला हात जोडले, आणि जाताजाता हिंदुरावांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

“कागद घेतलास का?” मागून आवाज आला. “सही करून ठिवलीया. तू फकस्त आकडं भर.”

कागद तिनं घेतला होता. छापील फॉर्म. खाली दोन ओळी, एक ‘चाचणी घेणार’ आणि दुसरी ‘परवानाधारक’. दोन्ही ओळींवर हिंदुरावांची वाकडीतिकडी सही, उताणं पडून केलेली. वरचे सगळे रकाने कोरे.

*

ब्रेकर म्हणजे घरातल्या फ्यूजचा थोरला भाऊ. पंपाची मोठी मोटर नको तेवढी वीज ओढायला लागली, की या भावानं कुणी न सांगता ‘खाड’ करून पडायचं आणि वीज तोडायची. पण वर्षानुवर्षं लोखंडी कपाटात उभा असलेला हा गडी वेळेला पडेल की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. त्याच्यातून खरोखरची तेवढी वीज सोडून बघावी लागते. आठशे अँपिअरचा ब्रेकर असला तर सोळाशे सोडायचे, आणि घड्याळ लावून बसायचं. ते सोळाशे काढणारं मशीन हिंदुरावांकडं होतं. बारामतीच्या एमआयडीसीत ज्या वर्कशॉपात ते कामाला होते, ते बंद पडलं तेव्हा मालकानं राहिलेल्या पगारात ते देऊन टाकलं होतं. एक छोटी पेटी, तिच्यावर डिमरची चकती आणि काटे. एक मोठी पेटी, चार माणसांशिवाय न उठणारी. आणि मनगटाएवढ्या जाड केबली.

मशीन चालवायला दोन माणसं लागतात. एकानं चकती धरायची, दुसऱ्यानं घड्याळ. पहिला जोडीदार दोन महिन्यांत पुण्याला निघून गेला. तेव्हा हिंदुराव चुलीपुढं येऊन म्हणाले, “तुला सेकंदाचा काटा वाचता येतो न्हवं? मग चल.”

सारजा सांगवीच्या मराठी शाळेत सातवी पास. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडनं जुनं स्टॉपवॉच मिळालं, ते तिनं काळ्या गोफात गळ्यात अडकवलं. पहिल्या दिवशी घाईत तिच्याकडनं बटण दोनदा दाबलं गेलं. मग तिनं आपली एक रीत काढली. अंगठा दाबायचा आणि मनातल्या मनात म्हणायचं, ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’. संथ लयीत म्हटलं की एका नामाला दोन सेकंद. वीस नामं म्हणजे चाळीस सेकंद. पाच वर्षांत तिची लय इतकी बसली की घड्याळ बंद पडलं तरी तिचं काम अडलं नसतं. हिंदुराव म्हणायचे, “घड्याळाला चावी लागती, हिला ती बी न्हाय.”

पुढंपुढं ते नट आवळत बसायचे आणि चकतीही तीच फिरवायची. पण कागदावर नाव त्यांचं. त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं.

*

पळसदेवला धरणाचं पाणी पार जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या, पायऱ्यांपर्यंत चढलेलं होतं. उन्हाळ्यात उघडं पडणारं जुनं देऊळ खोल बुडालेलं, वर नुसती निळी पसरट शांतता आणि दोन होड्या. एवढं पाणी पायाशी, आणि वर माळावर चारशे एकर ऊस आणि शाळू तहानलेला. मधे चार पंप, चौघांचा मिळून एकच ब्रेकर, आणि सगळे बंद.

एप्रिलमध्ये एका पंपाची केबल तापून तापून पेटली होती आणि ब्रेकर पडलाच नव्हता. ऑपरेटर आप्पासाहेब समोरच उभे होते. जाळ दारातून बाहेर आला आणि त्यांच्या भुवया घेऊन गेला. तेव्हापासून सरकारी वीज तपासनिसाचा हुकूम होता, ब्रेकर तपासल्याचा कागद दिल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. पावसाळा होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. आता दसऱ्याला पाणी सोडायचं ठरलं होतं. चुन्यानं लिहिलेल्या पाट्या लागल्या होत्या, नारळ आले होते.

उपसा सिंचन संस्थेचा सेक्रेटरी दादासो मोटरसायकलवर बसूनच होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. टेम्पोतून मशीन उतरलं, मानसिंग उतरला, सारजा उतरली. दादासो टेम्पोत डोकावून बघायला लागला.

“हिंदुराव कुठं हायत?”

“घरी. घोंगडीवर.”

“मग तपासणार कोण?”

“मशीन तपासतंय,” मानसिंग म्हणाला. “वहिनी फकस्त त्येच्यावर नजर ठेवत्यात.”

“मस्करी नगं. सोळाशे अँपिअर सोडणार म्हणं तुमी? पंपहाउससकट उडून आमी धरणात पडू.”

सारजानं पदर खोचला. “दादासो, कालव्याला पाणी लई आसतं, पण उतार नसला की ते माणसाला वढून न्हेत न्हाय. तसंच हाय हे. अँपिअर सोळाशे, आन् व्होल्ट दोन-तीन. तुमच्या बॅटरीतल्या दोन सेलांएवढं. तापतंय मातर लई, म्हणून लांब उभं ऱ्हावा.” मग ती सावकाश म्हणाली, “लाइन सहाला जाती. उद्या खंडेनवमी, उद्या मी हत्याराला हात लावत न्हाय. परवा तुमचा दसरा. मला माघारी धाडायचं आसंल तर आत्ताच सांगा, मशीन अजून दारातच हाय.”

दादासोनं घड्याळ बघितलं. साडेअकरा. मोटरसायकल स्टँडला लावली. “बघा तर मग. पण कागद आज पायजे. आज न्हाय मिळाला तर परवाचा नारळ माझ्याच टाळक्यात फुटंल. आन् परत तुमच्या मशीनचं नाव हिकडं कुणी काढायचं न्हाय.”

आत आप्पासाहेब वाट बघत होते. चौदा वर्षांपासूनचे ऑपरेटर, डोक्याला टोपी, भुवया नव्यानं उगवलेल्या, त्याही एक काळी एक पांढरी. पॅनेलच्या बाजूला कोपऱ्यात त्यांनी घट बसवला होता. पितळी ताटलीत अखंड दिवा तेवत होता.

“ये पोरी,” ते म्हणाले. “हा बग आपला देव.” आणि त्यांनी ब्रेकरकडं बोट केलं. ब्रेकरवर हळदकुंकवाची पाच बोटं उठलेली होती, वर्षानुवर्षांच्या बोटांवर बोटं.

सारजानं आधी घटापुढं डोकं टेकलं. मग पेटी उघडून बूट काढले आणि ते हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. ‘आई,’ ती मनात म्हणाली, ‘तुझ्यापुढं अनवाणी, यंत्रापुढं बुटात. एवढं चालवून घे.’ आणि बूट चढवले. पॅनेलपुढून बाजूला झाली की काढायची, परत गेली की घालायची. दिवसभरात तिनं ते किती वेळा घातले आणि काढले, त्याचा मानसिंगनं नंतर मोठा किस्सा करून सांगितला.

*

पंपांची मुख्य लाइन तोडून, मशीन दिव्यांच्या लाइनीवर जोडून, ब्रेकर कपाटातून रुळांवरून बाहेर ओढून घेतला. लाल, पिवळा, निळा, असे तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वाटा. प्रत्येक वाटेवर एक वेटोळं आणि वेटोळ्यात तेलाची एकेक लहान वाटी. वाटीत एक दांडी बुडालेली. वीज वाढली की वेटोळं दांडीला वर खेचतं, पण वाटीतलं तेल तिला सावकाश सोडतं, आणि दांडी टोकाला पोचली की ब्रेकर पडतो. म्हणजे मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढली तर पडायचं नाही, पण ओढतच राहिली तर पडायचं. दुप्पट विजेला तीस ते साठ सेकंद. कंपनीच्या पुस्तकात तसा आकडाच होता.

आधी लाल. सारजानं केबली जोडल्या, नट आवळले, मशीन जरा चालवलं, परत आवळले. चकतीवर उजवा हात, गळ्यातल्या घड्याळावर डावा अंगठा. काटा चढत गेला. हजार. बाराशे. पेटीतून भुंग्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज निघाला आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली. केबली एकमेकींना रेटून जागच्या हलल्या, तसा दादासो दाराबाहेर गेला. सोळाशे!

बिरोबाच्या नावानं चांगभलं, बिरोबाच्या नावानं चांगभलं…

खाड!

“एकेचाळीस!” सारजा ओरडली. तिला स्वतःलाच आपला आवाज मोठा वाटला. पाच वर्षं ती हा आकडा नवऱ्याला हळूच सांगत आली होती. आज तो पंपहाउसभर घुमला.

आप्पासाहेबांनी टाळी वाजवली. दादासो परत आत आला.

पिवळा लावला. भुंगे उठले, फरशी थरथरली. खाड! “चव्वेचाळीस!”

“झालं की,” दादासो म्हणाला. त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली. “वहिनी, मानलं तुमाला. शकुमावशी, च्या टाका.”

आप्पासाहेबांची बायको शकुबाई शेजारच्या खोलीतनं म्हणाली, “तिचा उपास हाय, तिला साबुदाणा टाकलाय. तुला हवा आसला तर च्या मिळंल.”

निळा लावला.

पंधरा नामं झाली. वीस झाली. बावीस. सारजाचे डोळे काट्यावर होते, कान ‘खाड’कडं. पंचवीस झाली. तीस नामं झाली, म्हणजे साठ सेकंद. पस्तीस. चाळीस. केबलीच्या टोकाचं रबर वास मारायला लागलं. पंचेचाळीस नामांना तिनं चकती मागं फिरवली आणि बटण बंद केलं.

भुंगे गप्प झाले. बाहेर एक होडीवाला कुणाला तरी हाका मारत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

“काय झालं?” दादासोनं विचारलं.

“पडला न्हाय.”

*

पहिला विचार तिच्या मनात आला तो हा की आपलंच काहीतरी चुकलं. हिंदुरावांना विचारावं तर कन्हेरीत फोन एकच, तो दूध डेअरीत, आणि डेअरी दुपारी बंद. मग तिनं त्यांनी शिकवलेलंच केलं. ब्रेकरवर संशय घ्यायच्या आधी स्वतःच्या मशीनवर घ्यायचा. त्याच केबली, तेच नट, परत लालला लावले. खाड! एकोणचाळीस. मशीन खरं बोलत होतं.

निळ्याला गार होऊ दिला आणि परत सोडले सोळाशे. नव्वद सेकंद. नाही पडला.

दादासो तिच्या जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “वहिनी, दोन पडलं न्हवं? आन् एक जरी पडला तरी सगळंच पडतंय. बरूबर?”

“बरूबर. पण जी केबल जळाली ती कुठल्या फेजची?”

दादासो दाराकडं बघायला लागला.

“निळ्याची,” आप्पासाहेब मागून म्हणाले.

“ते झालं एप्रिलात!” दादासो चिडला. “आता केबल नवी हाय. सही तर तुमच्या मालकांनी केलेलीच हाय, मी बगितली. तितं चव्वेचाळीसच्या खाली एक पंचेचाळीस लिवायला किती येळ लागतो? तपासनीस काय घड्याळ घेऊन येणार हाय?”

सारजानं पेटीवरचा कागद उचलला. खाली नवऱ्याच्या दोन सह्या. वर निळ्याचा रकाना कोरा. पंचेचाळीस. दोनच आकडे. लिहिला तर परवा नारळ फुटणार होता, पाणी माळावर चढणार होतं, आणि मशीनचं नाव साऱ्या इंदापूर तालुक्यात निघणार होतं. नाही लिहिला तर सगळे म्हणणार होते, बाई आली आणि ब्रेकर बिघडला.

तिनं वर बघितलं. पॅनेलपुढं, जिथं आप्पासाहेब रोज बारा तास उभे राहायचे, तिथं सिमेंटची फरशी त्यांच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. भिंतीवर एप्रिलचा काळा डाग अजून होता. बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

“दादासो, मी पंचेचाळीस लिवीन,” ती म्हणाली, “पण ह्यो ब्रेकर निरक्षर हाय. त्येला माझं वाचता येणार न्हाय.”

मानसिंग खोकला. दादासोचं तोंड लाल झालं. तो काही बोलणार, तेवढ्यात सारजानं हात वर केला. गप्प म्हणून नव्हे. तिला कसला तरी वास आला होता.

उपासाच्या माणसाचं नाक फार तिखट असतं. रबराचा वास तिला कळत होता, तांब्याचाही कळत होता. पण या दोन्हींच्या खाली तिसरा एक वास होता, आणि त्यानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. कडाकण्यांचा वास! कालच तिनं घटावर बांधायला कडाकण्या तळल्या होत्या.

“मावशी, तुमी काय तळताय?”

“कुठं गं? साबुदाणा भिजतोय.”

सारजा ब्रेकरपुढं गुडघ्यांवर बसली. निळ्याच्या वेटोळ्याला नाक लावलं. तळणीचा वास तिथनंच येत होता. तिनं पेटीतला छोटा पाना काढला आणि तिन्ही वाट्या उतरवल्या. लालच्या वाटीत तेल पाण्यासारखं नितळ, दांडी मऊ वरखाली होत होती. पिवळ्याची तशीच. निळ्याची वाटी तिनं उलटी केली. थेंबही सांडला नाही. आत मधासारखा पिवळसर, चिकट गोळा, आणि त्यात दांडी रुतून बसलेली.

असला गोळा तिनं उभ्या जन्मात हजारदा खरवडला होता. समईच्या काठावर बसतो तो. करडईचं तेल देवापुढं दिव्यात रोज जळलं की जमतो तो राप.

तिनं कोपऱ्यातल्या अखंड दिव्याकडं बघितलं. पितळी ताटलीच्या काठावर तोच मधाळ थर. आणि ताटलीवरनं तिची नजर आप्पासाहेबांकडं गेली. ते आधीच तिच्याकडं बघत होते.

*

“मीच घातलं,” आप्पासाहेब म्हणाले. टोपी काढून हातात घेतली. “गेल्या नवरात्रात वाटी झिरपून कोरडी झाली व्हती. बूड आवळलं मी. कंपनीचं तेल मागवा म्हणून दोनदा सांगितलं.” ते कुणाकडं बघून बोलले नाहीत, पण दादासोनं तंबाखूची डबी खिशात ठेवून दिली. “मग म्हटलं, कोरडी ठेवण्यापरीस… आईच्या दिव्याचं तेल व्हतं. नऊ दिवस अखंड जळाल्यालं. त्येच्याहून चोख तेल कुठलं आसंल? नमस्कार करून घातलं, पोरी.”

शकुबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं तोंडाला पदर लावला. “म्हंजी एप्रिलात तुमचं तोंड तुमीच भाजून घेतलं व्हय?”

खरं ते बोलावं तर लागणारच होतं. तिनं बूट काढले, जाऊन आप्पासाहेबांजवळ उभी राहिली, आणि बुटांकडं बोट केलं.

“आप्पा, सकाळपास्नं मी ही बुटं घालतीया, काढतीया. घरनं निघताना वाटलं, माझा नेम मोडला. पण आईला जे द्यायचं ते आईच्या पुढ्यात. यंत्राला जे लागतंय ते यंत्राला. तुमाला त्या दिवशी आईनंच वाचवलं. पण तिच्या तेलानं न्हाय.” ती हसली. “करडईचं तेल पोळीला चांगलं, दिव्याला चांगलं. उभं ठिवलं की वाळून डिंक व्हतं, हे तुमच्या परीस मावशीला जास्त ठावं.”

“मग!” शकुबाई म्हणाली. “मला इचारायचं व्हतं की.”

आणि मग सगळे एकदम हलले. सव्वाचार वाजून गेले होते.

हिंदुरावांच्या पेटीत कंपनीच्या तेलाची एक बाटली असायचीच. पण आधी वाटी साफ व्हायला हवी होती. मानसिंगनं रॉकेल आणलं. रॉकेलनं राप नुसता चमकायला लागला, सुटेना. “त्यानं न्हाय जायचं,” सारजा आणि शकुबाई एकदमच म्हणाल्या. शकुबाईनं चुलीवर पाणी उकळायला टाकलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. वाटी आणि दांडी त्यात बुडवली, पंधरा मिनिटं उकळू दिली, आणि बांबूच्या काडीनं खरवडली, दांडीला ओरखडा जाऊ नये म्हणून. समई घासणारे दोन बायकांचे चार हात. पातेल्यातलं पाणी साबणासारखं फेसाळलं. स्वच्छ पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली, पायरीवर उन्हात ठेवली. दादासो स्वतः वाटीपाशी उकिडवा बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होता. इस्त्रीच्या शर्टाला रॉकेल लागलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

“वाळली का?”

“हात नगा लावू.”

“पाच वाजून गेलं, वहिनी!”

“वाळू द्या, दादासो. पाण्याचा थेंब ऱ्हायला तर परत हेच.”

पाच वाजून वीस मिनिटांनी वाटी भरून चढली. दांडी मऊ वर गेली, मऊ खाली आली. सारजानं बूट घातले. केबली. नट. तापवणं. परत नट. आप्पासाहेब पॅनेलपुढच्या आपल्या गुळगुळीत फरशीवरनं मागं सरकून भिंतीला टेकले होते.

चकती फिरली. भुंगे उठले. सोळाशे.

दहा नामं. पंधरा. वीस. एकवीस…

खाड!

“त्रेचाळीस!”

काय ओरडाआरडा झाला म्हणता! मानसिंगनं टेम्पोचा हॉर्न लावला. शकुबाईनं आप्पासाहेबांच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच डोळे पुसले. दादासो नाचायचाच बाकी राहिला. “लिवा! लिवा आता!”

“अजून एकदा,” सारजा म्हणाली.

“अवो लाइन जाईल!”

“गार झाला की एकदा. एकदा पडला म्हंजी दुसऱ्यांदा पडंल आसं न्हाय.”

सहाला चार मिनिटं होती तेव्हा तिनं दुसऱ्यांदा बटण दाबलं. या वेळी सगळे तिच्याबरोबर मोजत होते, मोठ्यानं, आणि लय इतकी चुकत होती की सारजाला हसू आवरेना. खाड! चव्वेचाळीस. आणि टाळ्या वाजत होत्या तोवर डोक्यावरचा दिवा मिचमिचला आणि गेला. लाइन गेली. कोपऱ्यातला अखंड दिवा तेवढा राहिला.

त्याच्या उजेडात तिनं कागद भरला. लाल एकेचाळीस, पिवळा चव्वेचाळीस. निळ्यापुढं तिनं आधी लिहिलं, ‘नव्वद सेकंदांत पडला नाही’, आणि त्याच्याखाली, ‘वाटीत चुकीचं तेल होतं, साफ करून बदललं, त्रेचाळीस व चव्वेचाळीस’. कुणी घातलं ते लिहायला रकाना नव्हता, आणि असता तरी तिनं लिहिलं नसतं. मग ती खालच्या ओळींवर आली. ‘परवानाधारक’, ती सही बरोबर होती. ‘चाचणी घेणार’. तिथली सही तिनं एका रेघेनं खोडली आणि शेजारी बाराखडीतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं, सारजा हिंदुराव कोकरे.

*

“माझी सही खोडलीस?” हिंदुरावांनी कंदिलाजवळ कागद धरून विचारलं.

“चाचणी तुमी घेतली व्हती का?”

त्यांनी कागद परत एकदा वाचला. मग हसायला लागले, आणि हसल्याबरोबर कंबर धरून ओरडले.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. ते जागचं हललं नाही. हिंदुराव हळूहळू कुशीवर वळायला लागले. दसऱ्याला मात्र ते ऐकेनात. मानसिंगच्या टेम्पोत गादी टाकून, तिच्यावर पडून ते पळसदेवला आले, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला मानसिंगचा उद्धार करत आले.

पंपहाउसला झेंडूचं तोरण होतं. घट पॅनेलपासून लांब, दाराशेजारच्या नव्या फळीवर गेला होता. त्याच फळीवर कंपनीच्या तेलाची एक नवी बाटली उभी होती, दादासोनं काल बारामतीला जाऊन आणलेली. तिच्या बुचाला हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल.

“हे काय आप्पा?”

“हत्यारच की ते,” आप्पासाहेब म्हणाले. “पूजा हितं. वतायचं तितं. चुकणार न्हाय आता.”

तपासनिसानं कागद वाचला. खोडलेल्या सहीपाशी थांबला, तिच्याकडं बघितलं, निळ्याचा रकाना परत वाचला आणि मान हलवली. नारळ फुटला. आप्पासाहेबांनी ब्रेकरचा दांडा ओढला आणि पहिल्या पंपाचं बटण दाबलं. काटा झपकन वर उसळला. सगळ्यांनी श्वास धरला. काटा सावकाश खाली येऊन जागेवर बसला. ब्रेकर उभा होता. उभंच राहायचं होतं त्यानं आज.

सारजाच्या अंगठ्यानं सवयीनं घड्याळ दाबलं होतं. ते तिच्या ध्यानातही नव्हतं. जमिनीखाली पाण्याची धडधड सुरू झाली आणि ती पाइपाबरोबर माळाकडं चढत गेली. वाटेत ठिकठिकाणी माणसं उभी होती, अगदी वर हौदापर्यंत. बिरोबाच्या नावानं चांगभलं, बिरोबाच्या नावानं चांगभलं… तिचं आपलं चालूच होतं. मग लांब, पार माथ्यावर, कुणीतरी फेटा सोडून हवेत फिरवला, आणि आरोळी एका माणसाकडनं दुसऱ्याकडं उतरत खाली आली. “आलं! पाणी आलं!”

तिनं अंगठा दाबला.

“किती?” गादीवरनं हिंदुराव ओरडले.

“एकवीस मिनिटं, नऊ सेकंद!” सारजा त्याहून मोठ्यानं ओरडली, आणि वही काढून तिनं ते लिहून ठेवलं.